जड शिट्टी

माझ्या बाबांनी गुडघ्यांसाठी पेनकिलर खाल्ल्या, आणि त्याही शेंगदाणे खावेत तशा. कितीतरी महिने, रोज, कुणाला न सांगता. आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर मेडिकलचं दुकान आहे. तिथला माणूस चिठ्ठी वगैरे मागत नाही, उलट "अंकलजी, स्ट्राँगवाली दूँ?" असं विचारतो. अंकलजींना सकाळी पार्कात मित्रांच्या बरोबरीनं चालायचं होतं. हे सगळे मित्र केंद्र सरकारातून रिटायर झालेले, आणि चालतानासुद्धा कोण कुणाच्या पुढे यावर यांची नजर. मग काय, गुडघे दुखोत नाहीतर जळोत, श्यामकांत साहेब मागे राहणार नाहीत.

गंमत अशी की त्यांची मुलगी, म्हणजे मी, रसिका, किडनीवरच पीएचडी करते. किडनीत व्रण कसे पडतात, म्हणजे नरम भाग हळूहळू निबर कसा होतो, हा माझा विषय. त्यावर भाषणं देते, पोस्टर लावते. आणि गाझियाबादला आमच्याच घरात, फ्रिजवरच्या डब्यात, बिस्किटांच्या मागे, किडनीची वाट लावायचं सामान ठेवलेलं. डिसेंबरात बाबांचे पाय सुजले तेव्हा हे बाहेर आलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून माझा पारा असा चढला की आई मला म्हणाली, "अगं, ते आजारी आहेत, आरोपी नाहीत." मी म्हटलं, "दोन्ही आहेत."

डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली. पाठीतून सुई घालून किडनीचा शेवईएवढा तुकडा काढतात आणि बघतात की आतली सूज औषधानं उतरणारी आहे, की आत कायमचे व्रण पडलेत. सूज असेल तर माणूस सुटला. व्रण असतील तर ते परत जात नाहीत, पुढे डायलिसिसपर्यंत गाडी जाऊ शकते. एवढ्या एका गोष्टीवर आमचं घर टांगलेलं होतं.

आता मी लॅबमध्ये काय करते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. किडनीत अगदी बारीक नळ्या असतात आणि त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींमध्ये एक प्रोटीन असतं, ज्याचं नाव इतकं लांब आहे की माझ्या गाइड मलिक मॅडमनी त्याला पहिल्याच दिवशी "ताऊजी", म्हणजे घरातले थोरले काका, करून टाकलं. मॅडम पानिपतकडच्या. त्यांचं म्हणणं, ताऊजी आँगन में खाट डाल के बैठे हों, तो घर के बच्चे सीधे रहते हैं. ताऊजी उठले की पोरांचा धिंगाणा. तसंच इथे. हे प्रोटीन नळीच्या पेशींमधून नाहीसं व्हायला लागलं की पेशी आपलं काम सोडतात, आणि मग मागाहून व्रण येतो. आधी ताऊजी जातात, मग व्रण येतो. माझा सगळा थिसिस या एका वाक्यावर उभा आहे.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांना केवढा उत्साह. आमच्या अभ्यासाला पेशंटच्या संमतीनं बायॉप्सीचे उरलेले तुकडे मिळतात. बाबांनी सही ठोकली आणि हॉस्पिटलात नर्सला सांगत सुटले, "मेरी बेटी मेरे ऊपर रिसर्च करेगी." मी दुसरीकडे बघत राहिले.

बायॉप्सी झाली शुक्रवारी. लागून शनिवार, रविवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारी. सगळं बंद. तुकडा बिचारा फॉर्मॅलिनच्या बाटलीत मंगळवारपर्यंत मुरत पडला. एरवी एखादा दिवस ठेवतात.

त्याच सुट्टीत मी दिल्लीतली, लॅबजवळची मुनिरकाची भाड्याची खोली बंद करून घरी गेले होते, आणि बरोबर नेली होती आमच्या लॅबच्या कुकरची शिट्टी. हसू नका. आमच्या लॅबमध्ये प्रेशर कुकर आहे, चांगला मोठा, स्टीलचा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर तुकड्यातली प्रोटीन्स एकमेकांत गुंतून बसतात, रंगाचं औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून काचेवर लावलेल्या चकत्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात कुकरला लावायच्या, म्हणजे गाठी सुटतात आणि रंग चढतो. जिथे ताऊजी आहेत तिथे तपकिरी. नाहीत तिथे कोरं. तर दिल्लीच्या खाऱ्या पाण्यानं त्या शिट्टीचं भोक बुजलं होतं, वाफ धड निघत नव्हती. लॅबमध्ये कुणाला शिट्टी साफ करता येत नाही. आमच्या आईला येते. चिंचेच्या पाण्यात भिजवायची, सुईनं टोकरायची, झालं.

आईनं एका वाटीत चिंच कोळली, माझी शिट्टी टाकली, आणि "घातलाच आहे घाट तर" म्हणून स्वतःच्या कुकरचीही टाकली. सोमवारी संध्याकाळी मी चकचकीत शिट्टी डब्यात घालून परत आले.

लॅबमधला माझा जोडीदार अनिश. मुंबईचा, शांत डोक्याचा. मी नसते तर याला कुणी भांडायला मिळालं नसतं. बुधवारी हॉस्पिटलमधून चकत्या आल्या. काचेवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. पण त्या आठवड्यात नवीन पेशंट असा एकच होता, तेव्हा कुणाची हे झाडूवाल्यालासुद्धा कळलं असतं. मॅडम म्हणाल्या, "रसिका, ये तू नहीं देखेगी. अनिश देखेगा. बाप का मामला है." बरोबरच होतं त्यांचं.

गुरुवारी कुकर लावला. शिट्टी फटकन झाली, नेहमीपेक्षा कितीतरी लवकर. मी अनिशला ऐटीत म्हटलं, "बघितलंस? चिंच. हे आमच्या आईचं टेक्निक." शिट्टीपासून वेळ धरायची हा आमचा नियम. वेळ भरली, गॅस बंद, चकत्या बाहेर, मग दिवसभर रंगकाम. संध्याकाळी अनिश मायक्रोस्कोपला बसला, आणि बराच वेळ उठलाच नाही.

"काय रे?"

"काही नाही. थोडं फिकट आहे."

या मुलाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. मॅडमना काय सांगायचं ते नंतर बघू.

कोरं होतं. नळ्यांमागून नळ्या, सगळ्या कोऱ्या. मी काच सरकवत राहिले, या कोपऱ्यात तरी असेल, त्या कोपऱ्यात तरी असेल. कुठेच नाही. तुलनेसाठी लावलेली उंदराच्या चांगल्या किडनीची चकती होती, ती छान तपकिरी आली होती. म्हणजे रंगात चूक नाही, औषधात चूक नाही. ताऊजीच उठून गेलेत. माझ्या बाबांच्या किडनीतून.

अनिश म्हणाला, "यार, एका काचेवरून काही ठरत नाही." मला माहीत होतं. मीच हे ज्युनियर मुलांना सांगते. तरी मी पुन्हा काच सरकवायला लागले.

शुक्रवारी हॉस्पिटलचा रिपोर्ट आला, आणि तो चांगला होता. सूज भरपूर, व्रण अगदी थोडे. डॉक्टर चक्क हसले. "गोलियाँ बंद, सोमवार से स्टेरॉइड, किडनी संभल जाएगी." बाबांनी त्यांचा हात हातात घेऊन इतका वेळ हलवला की डॉक्टरांना सोडवून घ्यावा लागला. आईनं पर्समधून रुमाल काढला. मला मात्र डोक्यात एकच ऐकू येत होतं, माझंच वाक्य. आधी ताऊजी जातात, मग व्रण येतो. आज व्रण नाहीत म्हणून हे दोघं खूश आहेत, आणि ते येणार आहेत हे या खोलीत मला एकटीला माहीत आहे. डॉक्टरांच्या तपासणीत ताऊजी नसतातच, त्यांना काय विचारणार. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दात दाखवले.

घरी आल्यावर आईनं जाहीर केलं, "उद्या पुरणपोळी. सोमवारपासून स्टेरॉइड, मग गोड बंद. एक पोळी खाऊ दे त्यांना." मी म्हटलं, "बिल्कुल." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला माझ्या विषयाचा इतका राग कधी आला नव्हता. शेजारच्या मुलीसारखं बँकेत लागले असते तर आज मीही पुरणाला वेलची सोलत बसले असते.

शनिवारी सकाळी मी अंथरुणातच होते तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. आईचं नाव चंद्रप्रभा आहे, पण चिडली की चंद्राचा काही संबंध राहत नाही.

"काय मेली डाळ आहे. सगळा लगदा. आता ह्यातून कट कसा काढू? कटाची आमटी कशाची करू?"

बाबा पेपरमागून म्हणाले, "पीठ झालं तर पोळी जास्त मऊ होईल."

"तुम्ही बोलू नका. पुरणाची डाळ बोटानं दाबली की मोडली पाहिजे, पण दिसायला दाणा राहिला पाहिजे. ही बघा, खळ झालीय, पोस्टर चिकटवा. आठवडाभर हेच चाललंय. वरणाची डाळ तशीच, भात तसाच. आणि शिट्टी होता होत नाही. किती गॅस जळला."

"वरण छान लागतंय पण हल्ली," बाबा म्हणाले. "घोटायला लागत नाही तुला."

"नवीन वाण्याची डाळ आहे, त्याचा गुण. शिट्ट्या मी नेहमीएवढ्याच केल्या."

मी पडल्या पडल्या ऐकत होते. रोजचीच भांडणं. आणि मग मी उठून बसले. शिट्टी होता होत नाही. नेहमीएवढ्याच शिट्ट्या, पण डाळीचा लगदा. आठवडाभर.

आमच्याकडे शिट्टी फटकन होत होती.

मी अनवाणी स्वयंपाकघरात गेले. कुकर अजून गरम होता. मी फडक्यानं शिट्टी उचलली आणि माझा हातच खाली गेला. जड. वर काळं बोंड, खाली स्टील, दिसायला डिट्टो आईच्या शिट्टीसारखी, पण जड. ही आमच्या लॅबच्या मोठ्या कुकरची. चिंचेच्या वाटीतून मी आईची हलकी शिट्टी उचलून नेली होती, आणि आई आठवडाभर लॅबची शिट्टी लावून डाळ शिजवत होती.

"आई," मी म्हटलं, "ही माझी आहे."

"काय तुझी?"

"शिट्टी. आपली अदलाबदल झाली."

आईनं ती हातात घेतली, तोलून पाहिली आणि एकदम तिचा चेहरा निवला. "तरीच. मी त्या वाण्याला काय काय बोलून आले."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले आणि डोक्यात भराभर जुळवलं. जड शिट्टी उशिरा उडते, आत दाब जास्त, डाळीचा लगदा. हलकी शिट्टी लवकर उडते, दाब कमी, आतलं कच्चं. म्हणजे गुरुवारी माझ्या चकत्या कच्च्या राहिल्या. उंदराचा तुकडा एकच दिवस फॉर्मॅलिनमध्ये होता, त्याच्या गाठी सैल, तो कमी दाबातही सुटला आणि मला फसवून गेला. बाबांचा तुकडा सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत मुरून घट्ट झालेला. ताऊजी गेलेच नसतील. आत अडकून बसले असतील.

'असतील' एवढंच होतं माझ्याकडे. पण गुरुवारपासून तेवढंही नव्हतं.

आईला सांगितलं, "लॅबला जाऊन येते, अर्जंट आहे."

"पुरण?"

"येऊन खाते. आई, प्लीज, काही विचारू नकोस."

तिनं विचारलं नाही. बाबांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला.

वैशाली मेट्रो स्टेशनावर तपासणीच्या मशिनमधून माझी बॅग गेली आणि तिथल्या जवानानं मला बाजूला घेतलं. "मैडम, ये क्या है?"

"कुकर की सीटी."

त्यानं ती काढून उलटसुलट करून पाहिली. "सिर्फ सीटी? कुकर कहाँ है?"

"मुनिरका में."

त्याला माझी दया आली असावी. जाऊ दिलं.

अनिशला वाटेतच फोन केला. तो झोपेतून म्हणाला, "शिट्टी? कसली शिट्टी?" पण मी पोचले तेव्हा लॅबमध्ये हजर होता, आणि कुकरही घासून ठेवला होता त्यानं. मॅडमनाही कळवलं. त्या ओरडतील म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. त्या एवढंच म्हणाल्या, "पिछले महीनों की सारी स्लाइडें असली सीटी से बनी थीं न?"

"जी मॅडम. फक्त गुरुवारच्याच चुकल्यात."

"तो साँस ले. और इस बार तू सच में नहीं देखेगी. पहले अनिश."

बाबांची एकच चकती उरली होती. ती बिघडली तर पुन्हा हॉस्पिटलकडे मागावी लागणार, आणि त्यांनी दिली तर दिली. काच अनिशनं धरली. सोबत उंदराची लावली, आणि आधीच्या एका पेशंटचीही, ज्याच्या किडनीत खूप व्रण होते आणि ताऊजी नाहीत हे आम्ही चांगल्या शिट्टीवर पूर्वीच पाहिलं होतं. ही कोरीच राहिली पाहिजे. नाहीतर सगळ्यांनाच तपकिरी रंग चढला आणि आम्ही उगाच नाचलो असं व्हायचं.

शिट्टी बसवली. वाट पाहिली. किती उशीर लावला तिनं. मी कुकरकडे बघत उभी, अनिश माझ्याकडे. शेवटी ती जी उडाली, जुन्या ओळखीच्या घोगऱ्या आवाजात, तेव्हा मला कळलं की गुरुवारचा आवाजसुद्धा वेगळा होता, पातळ होता. घरी रोज ऐकते तो आवाज होता, म्हणूनच कानाला खटकला नाही.

मग रंगकाम. धुवा, थांबा, औषध घाला, थांबा. दुपारी अनिशनं खालून छोले-कुलचे आणले, मी नुसते चिवडले. उन्हं कलली तेव्हा तो मायक्रोस्कोपला बसला आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. खरंच. शिक्षा केल्यासारखी.

"रसिका."

"बोल."

"ये आणि बघ."

मी वळले. त्याचे कान नेहमीच्या रंगाचे होते.

काचेखाली बाबांची किडनी होती. पेशींच्या मधे सूज होती, फुगवटा होता, गोळ्यांनी केलेला सगळा गोंधळ होता. पण प्रत्येक नळीच्या कडेनं तपकिरी रेघ होती. कुठे दाट, कुठे जराशी फिकी, पण होती. ताऊजी खाटेवर बसलेले होते. शेजारच्या काचेवर त्या दुसऱ्या पेशंटच्या नळ्या कोऱ्याच्या कोऱ्या. त्या माणसासाठी मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी माझा थिसिसही जिवंत आहे हे कळलं. मी मायक्रोस्कोपवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. अनिश म्हणाला, "अगं, लेन्स ओली करू नकोस." मी त्याला एक फटका मारला आणि मग बरं वाटलं.

मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "ताऊजी को राम राम." आणि पाठोपाठ, "सोमवार को सीटी पर लॅब का नाम खुदवा के ला."

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. आईनं लगद्याचीच पुरणपोळी केली होती, खळ काय नि पोस्टर काय, वास जिन्यापर्यंत येत होता. बाबा टेबलाशी बसले होते. ताटात पोळी होती आणि ती मोडलेलीसुद्धा नव्हती.

"तुम्ही जेवला नाहीत?" मी विचारलं.

"सकाळपासून म्हणतायत रसिका आली की," आई म्हणाली. "तूपसुद्धा थिजलं."

मी आईची हलकी शिट्टी ओट्यावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बाबांना सगळं सांगितलं. गुरुवारचं कोरं, शुक्रवारचं माझं नाटक, आठवडाभराची डाळ, आजची तपकिरी रेघ. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे ताऊजी आहेत?"

"आहेत. पण आता एक जरी पेनकिलर खाल्लीत ना बाबा, तर मी स्वतः ताऊजींना खाटेवरून उठवून घेऊन जाईन."

ते हसले नाहीत. ताटाकडे बघत म्हणाले, "काल डॉक्टर हसले तेव्हा मी आधी तुझ्याकडे पाहिलं. तू हसल्यासारखं केलंस. मग मला कळलं, काहीतरी आहे."

"आणि मग तुम्ही काल रात्री आईला ते पार्कातले जोक काय सांगत होतात?"

"तिला कशाला उगाच," बाबा म्हणाले. "ती खूश होती."

आई हातात तव्यावरची पोळी घेऊन उभीच राहिली. म्हणजे कालपासून मी आणि बाबा एकाच भीतीनं, एकाच घरात, भिंतीच्या अल्याड-पल्याड जागे होतो, आणि एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून कूससुद्धा बदलत नव्हतो. डॉक्टरांचा शिक्क्याचा रिपोर्ट समोर असताना या माणसानं माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला होता.

मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पुन्हा नीट पाहिलं, चष्मा वर करून, पेपरमधली बारीक अक्षरं वाचतात तसं. काय वाचायचं ते वाचून झालं असावं, कारण त्यांनी पोळीचा पहिला घास मोडला.

"अगं," ते आईला म्हणाले, "तूप गरम करतेस का जरा?"